क्वेकरांच्या शहरातील बिशपांची चर्चेस

अमेरिकेच्या पूर्वेकडील फिलाडेल्फिया हे शहर विल्यम पेन या क्वेकर पुढाऱ्याने १६८२ साली वसवले. क्वेकर पंथाला पुरोहित, बिशप, छापील प्रार्थना, घंटा आणि मनोरे यांपैकी काहीही मान्य नव्हते. सर्वांनी एकत्र येऊन मौन राखावे आणि ज्याला आतून प्रेरणा होईल त्याने उठून चार शब्द बोलावेत, एवढेच त्यांच्या उपासनेचे स्वरूप होते. असे असूनही, इंग्लंडच्या राजाला आपला प्रमुख मानणाऱ्या आणि बिशपांच्या अधिकारावर उभ्या असलेल्या अँग्लिकन चर्चने राजाशी नाते तोडून अमेरिकी रूप धारण केले ते याच शहरात, आणि त्या स्थित्यंतराच्या खुणा सांगणाऱ्या वास्तू आजही शहरात व त्याच्या आसपास उभ्या आहेत. हा विरोधाभास मुळात पेनला मिळालेल्या सनदेतच दडलेला होता. १६८१ साली दुसऱ्या चार्ल्स राजाने पेनला वसाहतीची सनद देताना तीत असे कलम घातले होते की, तेथील वीस रहिवाशांनी लंडनच्या बिशपकडे धर्मोपदेशक मागितल्यास त्याला वसाहतीत विनाअडथळा राहू द्यावे. या कलमाचा आधार घेऊन १६९५ साली फिलाडेल्फियात क्राइस्ट चर्च स्थापन झाले.

‘एपिस्कोपल’ म्हणजे बिशपांच्या शासनाखाली चालणारे. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्च हे जगभरच्या अँग्लिकन परिवाराचे एक अंग असून, त्याची उपासनापद्धती इंग्लंडमधील मूळ चर्चच्या प्रार्थनापुस्तकातून आलेली आहे. मुंबईच्या फोर्ट भागातील, १७१८ साली उपासनेसाठी खुले झालेले सेंट थॉमस कॅथीड्रल किंवा कुलाब्याचे अफगाण चर्च ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या परिवाराचे वळण ओळखीचे वाटेल. फरक एवढाच की मुंबईची ही चर्चेस १९७० पासून इतर प्रोटेस्टंट पंथांसह चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाली, तर अमेरिकेतील शाखा १७८९ पासून स्वतंत्र आहे. या परिवारात रोमन कॅथलिकांसारखी बिशप, धर्मगुरू आणि डीकन अशी तीन पायऱ्यांची रचना टिकून राहिली, परंतु पोपची सत्ता मात्र नाकारली गेली. त्यामुळे वेदीवरील विधीला महत्त्व द्यावे की प्रवचनपीठावरील उपदेशाला, हा वाद त्यात कायम धुमसत राहिला. फिलाडेल्फियाची चर्चेस पाहताना भिंतीवरील स्मृतिफलक वाचण्याआधी वेदी कोठे आहे, प्रवचनपीठ कोठे आहे आणि बाके कोणासाठी कशी मांडली आहेत हे पाहिले, तर बऱ्याचशा इतिहासाचा उलगडा आपोआप होतो.

क्राइस्ट चर्चची सध्याची विटांची इमारत १७२७ ते १७४४ या काळात उभी राहिली. तिच्या बांधकामाची देखरेख डॉ. जॉन किअर्सली या वैद्याकडे होती, आणि लंडनमध्ये त्या काळी गाजत असलेल्या ख्रिस्टोफर रेन व जेम्स गिब्ज यांच्या चर्चवास्तूंचा आदर्श तिच्यासमोर होता, हे पूर्वेकडील भव्य पॅलेडियन खिडकीवरून, म्हणजे मधली कमान उंच आणि दोन्ही बाजूंना ठेंगणे चौकोनी भाग अशा तिहेरी खिडकीवरून, लगेच लक्षात येते. मनोऱ्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा सोडत काढण्यात आली आणि तिच्या व्यवस्थापकांमध्ये बेंजामिन फ्रँकलिन होता. रॉबर्ट स्मिथ या स्कॉटलंडहून आलेल्या सुतार-वास्तुकाराने रचलेले १९६ फूट उंचीचे शिखर १७५४ साली पूर्ण झाले आणि त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ वसाहतींतील, व पुढे नव्या राष्ट्रातील, सर्वांत उंच बांधकाम हा मान त्याच्याकडे राहिला. लॉटरीच्या पैशातून देवाचे शिखर उभारण्याची ही गोष्ट काटेकोर क्वेकरांना कशी वाटली असेल याची कल्पना करता येते. आत ठेवलेल्या बाप्तिस्म्याच्या कुंडाचा इतिहासही असाच गमतीदार आहे: लंडनच्या ऑल हॅलोज चर्चमधून १६९७ साली भेट म्हणून पाठवलेल्या या कुंडातच १६४४ साली बालक विल्यम पेनचा बाप्तिस्मा झाला होता. पुढे पेन क्वेकर होऊन अशा सर्व विधींपासून दूर गेला, आणि त्याचे कुंड मात्र त्याच्या मागोमाग त्याच्याच शहरात येऊन पोचले.

जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना १७९० ते १७९७ या काळात देशाची राजधानी फिलाडेल्फियात होती, आणि वॉशिंग्टन ज्या बाकावर बसत ती जागा येथे आवर्जून दाखवली जाते. फ्रँकलिनची आणि पहिला अमेरिकी ध्वज शिवल्याची आख्यायिका जिच्या नावाशी जोडलेली आहे त्या बेट्सी रॉसचीही बाके दाखवली जातात. बहुतेक पर्यटक येथेच थांबतात, आणि ते तसे समजण्यासारखेही आहे. परंतु या वास्तूचे खरे महत्त्व कोणाच्या बैठकीत नसून, तिच्या कारभाऱ्यांनी घेतलेल्या एका निर्णयात आहे. अँग्लिकन उपासनेत राजासाठी रोज प्रार्थना करणे बंधनकारक होते आणि प्रत्येक धर्मगुरूने राजनिष्ठेची शपथ घेतलेली होती. ४ जुलै १७७६ रोजी, काही रस्ते ओलांडून असलेल्या सभागृहात स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला त्याच दिवशी, क्राइस्ट चर्चच्या कारभारी मंडळाची, म्हणजे व्हेस्ट्रीची, बैठक झाली आणि प्रार्थनांमधून राजाचा उल्लेख वगळण्याचा ठराव करण्यात आला. रेक्टर, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, जेकब डुशे याच्या प्रार्थनापुस्तकात राजासाठीच्या ओळींवर शाईने रेघा ओढलेल्या आहेत आणि ते पुस्तक चर्चने जपून ठेवले आहे. देशद्रोहाचा आरोप ओढवून घेणाऱ्या या रेघा होत्या, हे विसरून चालणार नाही. मात्र डुशेचे धैर्य वर्षभरच टिकले: १७७७ साली ब्रिटिश सैन्याने शहर ताब्यात घेतल्यावर त्याने वॉशिंग्टनला पत्र लिहून जाहीरनामा मागे घ्यावा असा आग्रह धरला आणि पुढे तो इंग्लंडला निघून गेला. स्वातंत्र्ययुद्धाच्या कथा एका रेषेत सांगितल्या जातात, तेव्हा अशा माणसांना त्यांत सहसा जागा मिळत नाही.

युद्ध संपल्यावर खरा पेच उभा राहिला. अँग्लिकन श्रद्धेनुसार बिशपपद हे येशूच्या प्रेषितांपासून हातावर हात ठेवून अखंड चालत आलेले आहे, म्हणजेच नवा बिशप घडवण्यासाठी आधीचे बिशप लागतात. वसाहतींमध्ये मात्र एकही बिशप नेमण्यात आलेला नव्हता आणि धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्यांना समुद्र ओलांडून लंडनला जावे लागत असे. इंग्लंडमधील दीक्षाविधीत राजनिष्ठेची शपथ असल्यामुळे अमेरिकी नागरिकाला ती घेणे अशक्य होते. डुशेनंतर क्राइस्ट चर्चचा रेक्टर झालेल्या विल्यम व्हाइट याने १७८२ साली एक पुस्तिका लिहून, बिशप मिळेपर्यंत त्यांच्यावाचून चर्चचा कारभार चालवावा असे सुचवले, तर कनेक्टिकटच्या धर्मगुरूंनी ही सूचना अमान्य करून सॅम्युएल सीबरी याला पाठवले आणि त्याने १७८४ साली राजसत्तेशी फटकून असलेल्या स्कॉटिश बिशपांकडून दीक्षा घेतली. अखेर ब्रिटिश संसदेने १७८६ साली शपथेची अट शिथिल करणारा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी व्हाइट याला लंडनमधील लॅम्बेथ राजवाड्याच्या प्रार्थनागृहात बिशपपद मिळाले. १७८५ साली नव्या चर्चचे पहिले सर्वसाधारण अधिवेशन क्राइस्ट चर्चमध्ये भरले होते आणि १७८९ साली त्याची घटना व अमेरिकी प्रार्थनापुस्तकही फिलाडेल्फियातच मंजूर झाले. या घटनेत धर्मगुरूंबरोबर सामान्य सभासदांच्या प्रतिनिधींनाही मतदानाचा हक्क देण्यात आला, आणि यात व्हाइटचा मोठा वाटा होता. बिशप हवेत, पण ते राजाने नेमलेले नकोत, तर निवडून आलेले असावेत, ही तडजोड आज साधी वाटते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ती अकल्पनीय होती. १८३६ साली व्हाइटचे निधन झाले आणि त्याचे दफन याच चर्चमध्ये आहे.

चर्चची दफनभूमी थोड्या अंतरावर, पाचव्या आणि आर्च रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे. फ्रँकलिन व त्याची पत्नी डेबोरा यांची साधी सपाट शिळा बाहेरून दिसावी म्हणून १८५८ साली कुंपणभिंतीचा काही भाग काढून तेथे लोखंडी गज बसवण्यात आले. नशीब उजळावे म्हणून त्या शिळेवर नाणी फेकण्याची प्रथा पुढे इतकी फोफावली की दगडाला खड्डे पडले आणि दुरुस्ती करावी लागली. काटकसरीचे धडे देणाऱ्या लेखकाच्या थडग्यावर लोकांनी पैसे उधळावेत, यातला विनोद त्याला स्वतःला नक्कीच आवडला असता.

क्राइस्ट चर्चपासून दक्षिणेकडे पायी पंधरा-वीस मिनिटांवर, तिसऱ्या आणि पाइन रस्त्यांच्या कोपऱ्यावर सेंट पीटर्स चर्च आहे. सोसायटी हिल भागातील सधन कुटुंबांना चिखलाच्या रस्त्यांवरून क्राइस्ट चर्चपर्यंत जाणे गैरसोयीचे होते आणि तेथे बाकेही पुरत नव्हती, म्हणून पेनच्या वारसांनी दिलेल्या जमिनीवर, रॉबर्ट स्मिथच्याच आराखड्यानुसार हे दुसरे चर्च बांधून १७६१ साली खुले करण्यात आले. अठराव्या शतकातील अँग्लिकन उपासना नेमकी कशी होत असे, हे अमेरिकेत याच्याइतके स्वच्छपणे दाखवणारी वास्तू क्वचितच सापडेल. क्राइस्ट चर्चची मूळ बाके एकोणिसाव्या शतकात बदलण्यात आली, पण सेंट पीटर्सची कठडेबंद बाके जशीच्या तशी आहेत: छातीपर्यंत उंचीच्या फळ्यांनी चारी बाजूंनी वेढलेली आणि छोटे दार असलेली ही चौकोनी दालने कुटुंबे भाड्याने घेत, आणि त्या भाड्यावरच चर्चचा खर्च चालत असे. हिवाळ्यात वाऱ्यापासून आडोसा मिळावा हा उंच फळ्यांचा व्यावहारिक उपयोग होता, परंतु कोण कोठे बसतो यावरून गावातील त्याची पत ठरत असे हेही तितकेच खरे.

याहून विलक्षण आहे ती वेदी आणि प्रवचनपीठ यांची मांडणी. वेदी परंपरेप्रमाणे पूर्वेकडच्या भिंतीशी आहे, तर उंच प्रवचनपीठ आणि वाचनाचे मेज हे थेट विरुद्ध बाजूला, पश्चिम टोकाला. प्रार्थना, वाचन आणि प्रवचन एका टोकाला होई, आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकरी व द्राक्षारसाच्या विधीच्या वेळी धर्मगुरू मधल्या वाटेने चालत दुसऱ्या टोकाला जाई; कठडेबंद बाकांत समोरासमोर आसने असल्यामुळे उपासकांनी केवळ बैठक बदलायची की झाले. वेदी मोठी की प्रवचन मोठे, या वादाला सेंट पीटर्सने दिलेले हे उत्तर मोठे शहाणपणाचे म्हणावे लागेल, कारण दोन्हींना एकेक टोक देऊन माणसांना मध्ये ठेवण्यात आले. पुढे १८४२ साली विल्यम स्ट्रिकलंड या वास्तुकाराने भेट मिळालेल्या घंटांसाठी पश्चिमेला उंच मनोरा बांधला. चर्चच्या आवारात चित्रकार चार्ल्स विल्सन पील याची कबर आहे. तशाच, राष्ट्राध्यक्षांच्या भेटीसाठी १७९३ साली राजधानीत येऊन देवीच्या साथीला बळी पडलेल्या मूलनिवासी जमातींच्या प्रमुखांच्या कबरीही आहेत.

नदीच्या दिशेने आणखी दक्षिणेला गेल्यावर ग्लोरिया डेई, म्हणजे ‘जुन्या स्वीडिशांचे चर्च’ लागते. १६९८ ते १७०० या काळात बांधलेली ही पेनसिल्व्हेनियातील सर्वांत जुनी चर्चवास्तू असून ती मुळात अँग्लिकन नव्हतीच. पेन येण्याच्या चाळीसहून अधिक वर्षे आधी, १६३८ साली, स्वीडनने डेलावेअर नदीच्या खोऱ्यात वसाहत वसवली होती. ती पुढे डचांकडे आणि मग इंग्रजांकडे गेली, तरी तिच्या लूथरन लोकांना स्वीडनमधून धर्मगुरू येत राहिले. शेवटचा स्वीडिश धर्मगुरू निकोलस कॉलिन १८३१ साली वारला, तोपर्यंत नव्या पिढीची घरची भाषा इंग्रजी झाली होती. स्वीडनच्या लूथरन चर्चमध्ये बिशपांची परंपरा टिकून असल्यामुळे स्वीडिशांना अँग्लिकन मंडळी जवळची वाटे, आणि १८४५ साली हे चर्च एपिस्कोपल झाले. छतापासून टांगलेल्या ‘कालमार नीकेल’ आणि ‘फोगेल ग्रिप’ या दोन जहाजांच्या प्रतिकृती पहिल्या वसाहतकारांच्या प्रवासाची आठवण देतात. इमारत लहान आहे, आणि तिच्या शेजारून वाहणाऱ्या महामार्गाच्या गोंगाटात ती अधिकच लहान वाटते.

या सर्व चर्चेसच्या कठडेबंद बाकांचा आणि सज्ज्यांचा एक दुसरा अर्थही होता, आणि तो ॲबसलम जोन्सच्या चरित्रातून समोर येतो. १७४६ साली डेलावेअरमध्ये गुलामगिरीत जन्मलेल्या जोन्सने फिलाडेल्फियात राबून आधी पत्नीचे स्वातंत्र्य विकत घेतले आणि १७८४ साली स्वतःचे. तो शहरातील सेंट जॉर्ज्स या मेथडिस्ट चर्चचा सभासद होता. तेथे काळ्या उपासकांना वेगळ्या जागी बसवण्याचा प्रयत्न झाला आणि प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेल्या जोन्सला उठवण्यात आले, तेव्हा तो, रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती एकत्रच बाहेर पडले. १७८७ साली या दोघांनी स्थापन केलेल्या मुक्त आफ्रिकन सोसायटीने पुढे १७९३ सालच्या पीतज्वराच्या साथीत, ज्या साथीने शहरातील सुमारे पाच हजार माणसे मारली आणि ज्यांना शक्य होते ते सर्व शहर सोडून गेले, रुग्णांची शुश्रूषा आणि मृतांचे दफन केले. काळ्या लोकांना हा रोग होत नाही ही तेव्हाची समजूत साफ खोटी ठरली, आणि वर परिचारकांनी पैसे उकळल्याचा आरोपही छापला गेला. जोन्स आणि ॲलन यांनी १७९४ साली त्याला पुस्तिकेतून सविस्तर उत्तर दिले.

त्याच वर्षी सेंट थॉमस आफ्रिकन एपिस्कोपल चर्च उघडले. ॲलनने मेथडिस्ट परंपरा न सोडता वेगळे मंडळ उभे केले, तर जोन्सने आपल्या मंडळीसह एपिस्कोपल धर्मप्रांतात, म्हणजे एका बिशपच्या अधिकारक्षेत्रात, प्रवेश मागितला. तो मिळाला, पण एका अटीवर: या चर्चला धर्मप्रांताच्या अधिवेशनात प्रतिनिधी पाठवता येणार नाहीत. सामान्य सभासदांना मताचा हक्क देणारी घटना याच शहरात संमत होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षे लोटली होती. बिशप व्हाइटने जोन्सला १७९५ साली डीकन केले आणि पुढे धर्मगुरुपद दिले; एपिस्कोपल चर्चचा तो पहिला आफ्रिकी-अमेरिकी धर्मगुरू होय. अधिवेशनाचे दार मात्र यादवी युद्धाच्या काळापर्यंत बंदच राहिले. मूळ इमारत आज नाही. मंडळी शहराच्या पश्चिम टोकाला ओव्हरब्रुक भागात आहे आणि तेथील उपासनेतले संगीत ऐकण्यासारखे असते. इमारत गेली तरी परंपरा टिकून राहिल्याचे हे ठळक उदाहरण असल्यामुळे, केवळ जुन्या भिंती शोधत फिरणाऱ्यांकडून ते सहसा निसटते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वाऱ्याची दिशा बदलली. इंग्लंडमधील केंब्रिज येथे स्थापन झालेल्या एका अभ्यासमंडळाने, जे पुढे इक्लिझिऑलॉजिकल सोसायटी म्हणून ओळखले गेले, असा पुकारा केला की खऱ्या उपासनेला मध्ययुगीन गॉथिक वास्तूच शोभते, वेदीसाठी वेगळे व खोल दालन हवे आणि कठडेबंद बाके तर नकोतच. कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या रचनेवर ज्या विचारांची छाप आहे, तेच हे विचार. या सोसायटीने इंग्लंडमधील लाँगस्टँटन गावच्या तेराव्या शतकातील छोट्या चर्चचे मोजमापासह नकाशे पाठवले आणि फिलाडेल्फियाच्या उत्तर भागात १८४६ पासून सेंट जेम्स द लेस हे चर्च त्या नकाशांबरहुकूम बांधले गेले. अमेरिकेतील पुढच्या कित्येक गॉथिक चर्चेसनी त्याचा कित्ता गिरवला. या वास्तूचा अलीकडचा इतिहासही बोलका आहे. १९९९ साली येथील मंडळीने एपिस्कोपल चर्चशी संबंध तोडला, तेव्हा मालमत्ता कोणाची यावरून खटला चालला, २००५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने धर्मप्रांताच्या बाजूने निकाल दिला, मंडळी निघून गेली आणि २०११ पासून या आवारात आसपासच्या गरजू मुलांसाठी शाळा चालवली जाते. बिशपांची सत्ता ही केवळ धार्मिक कल्पना नसून तिला जमिनीचे कागदही जोडलेले असतात, हे या खटल्याने उघड केले.

मध्यवर्ती रिटनहाउस स्क्वेअरच्या परिसरात जॉन नॉटमन या स्कॉटिश वास्तुकाराची तीन चर्चेस पायी हिंडून पाहता येतात. त्यांपैकी सेंट मार्क्स हे उच्चपंथी, म्हणजे धूप, मेणबत्त्या व भरजरी वस्त्रे यांना महत्त्व देणाऱ्या अँग्लिकनांचे केंद्र राहिले असून, वानामेकर या प्रसिद्ध व्यापारी घराण्याच्या देणगीतून झालेल्या त्याच्या छोट्या प्रार्थनादालनातील चांदीची वेदी डोळे दिपवते; ती पाहताना भक्ती किती आणि बडेजाव किती असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. सेंट क्लेमेंट्सची संपूर्ण दगडी इमारत, रस्ता रुंद करायचा म्हणून १९२९ साली उचलून ४० फूट पश्चिमेला सरकवण्यात आली.

तिसरे, होली ट्रिनिटी, मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटावे. १८६२ ते १८६९ या काळात येथे रेक्टर असलेल्या फिलिप्स ब्रुक्स याने १८६८ साली बेथलेहेमवरील एक नाताळगीत लिहिले आणि चर्चचाच ऑर्गनवादक लुइस रेडनर याने त्याला चाल लावली. इंग्रजी जगात नाताळला ते आजही घरोघरी गायले जाते. ब्रुक्स पुढे बोस्टनला गेला, आणि पंडिता रमाबाईंच्या विधवा-शिक्षणाच्या कार्याला साहाय्य करण्यासाठी १८८७ साली तेथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली तेव्हा तिच्या उपाध्यक्षांपैकी तो एक होता. खुद्द रमाबाई अमेरिकेत प्रथम आल्या त्या फिलाडेल्फियातच, मार्च १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभासाठी. आणि त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे गाजलेले इंग्रजी पुस्तक १८८७ साली याच शहरात प्रसिद्ध झाले. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्येच झाला होता, परंतु श्रद्धेच्या बाबतीत धर्माधिकाऱ्यांनी आपल्यावर हुकूम चालवावा हे त्यांना कधीच पटले नाही.

आनंदीबाई ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, तेथून उत्तरेकडे गेल्यावर अठराव्या आणि डायमंड रस्त्यांच्या कोपऱ्यावर चर्च ऑफ दि ॲडव्होकेट लागते. त्याचे बांधकाम १८८७ साली सुरू होऊन दहा वर्षे चालले. चार्ल्स बर्न्स या वास्तुकाराने फ्रान्समधील आम्यां कॅथीड्रल डोळ्यांसमोर ठेवून आखलेली, बाहेरून टेकू देणाऱ्या दगडी कमानींनी पेललेली ही भव्य वास्तू एका श्रीमंत व्यापाऱ्याचे स्मारक होती. विसाव्या शतकात हा भाग काळ्या कष्टकऱ्यांचा झाला आणि १९६२ साली पॉल वॉशिंग्टन हे रेक्टर म्हणून आल्यावर चर्चची दारे नागरी हक्कांच्या चळवळीला खुली झाली. १९६८ साली येथे ब्लॅक पॉवर चळवळीची राष्ट्रीय परिषद भरली. रंगीत काचांतील सगळे संत आणि देवदूत गोरे आहेत, याचे शल्य या परिसरातील लोकांना जाणवत होते, म्हणून १९७३ ते १९७६ या काळात वॉल्टर एडमंड्स आणि रिचर्ड वॉटसन या कलावंतांनी बायबलमधील प्रसंग काळ्या लोकांच्या इतिहासाशी जोडणारी चौदा मोठी भित्तिचित्रे येथे रंगवली. गॉथिक कमानींखालची ही गुलामगिरीची, बंडाची आणि मुक्तीची चित्रे फ्रेंच वास्तूशी विसंगत आहेत अशी तक्रार करता येईल, पण ती तक्रार करणाऱ्याला या चर्चचे मर्म कळले नाही असेच म्हणावे लागेल.

याच वेदीसमोर २९ जुलै १९७४ रोजी अकरा स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्यात आली. चर्चच्या कायद्याने स्त्रिया तोपर्यंत डीकन होऊ शकत होत्या, धर्मगुरू नव्हे. त्यामुळे पदावरून निवृत्त झालेल्या बिशपांनी ही दीक्षा दिली, आणि पुढच्याच महिन्यात तातडीच्या बैठकीत बिशपांच्या सभेने ती अवैध ठरवली. तथापि १९७६ साली सर्वसाधारण अधिवेशनाने स्त्रियांचे धर्मगुरुपद मान्य केले. दीक्षेच्या मिरवणुकीत क्रूस घेऊन अग्रभागी चालणाऱ्या, याच चर्चच्या सभासद बार्बरा हॅरिस १९८९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये बिशप झाल्या. जगभरच्या अँग्लिकन परिवारातील त्या पहिल्या स्त्री बिशप होत.

शहराबाहेर जाण्याइतका वेळ असेल, तर पश्चिमेला रॅडनर येथील सेंट डेव्हिड्स पाहावे. वेल्समधून आलेल्या शेतकऱ्यांनी १७१५ साली बांधलेल्या या ओबडधोबड दगडी चर्चचे वैशिष्ट्य म्हणजे सज्ज्यावर जाण्यासाठी बाहेरून केलेला जिना. स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी अँथनी वेन याची येथील कबर जरा विचित्र आहे, कारण दूरच्या ईरी गावी पुरलेल्या वडिलांचे अवशेष आणण्यासाठी १८०९ साली त्याचा मुलगा गेला तेव्हा हाडे वेगळी करून तेवढीच येथे आणण्यात आली; सबब वेनच्या एकाच देहाची दोन ठिकाणी समाधी आहे. व्हॅली फोर्ज येथील वॉशिंग्टन स्मारक चर्च विसाव्या शतकातले असून तेथील रंगीत काचा प्रेक्षणीय आहेत. पण जुन्या चर्चेसचा शोध घेणाऱ्याने ते शेवटी ठेवावे.

क्राइस्ट चर्च हे पर्यटकांसाठी नियमित खुले असते; इतर बहुतेक ठिकाणी रविवारची उपासना किंवा आधी ठरवलेली भेट हाच खात्रीचा मार्ग आहे, आणि उपासनेला परधर्मीयाने मागच्या बाकावर शांतपणे बसण्यास कोणाची हरकत नसते. ज्याच्या हाती एकच दिवस आहे त्याने सकाळ क्राइस्ट चर्च आणि सेंट पीटर्स यांना द्यावी आणि दुपारी उत्तरेला ॲडव्होकेटकडे जावे. पर्यटन-पुस्तिकांत पहिल्या दोन चर्चेसना भरपूर जागा मिळते आणि तिसऱ्याला चार ओळी, हा क्रम बदलायला हवा. फिलाडेल्फियात एकच एपिस्कोपल चर्च पाहणे शक्य असेल, तर ते ॲडव्होकेट असावे.